घडीपत्रिका संग्रहात असते, शोधात मात्र येत नाही : दर हंगामात परतणाऱ्या दोषाचे निवारण

मराठवाड्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या माहिती केंद्राचे शोधयंत्र मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी, हळद आणि मोसंबी या पिकांच्या घडीपत्रिका (घडी घातलेली माहितीपत्रके), साप्ताहिक कृषी सल्ले आणि गावोगावच्या बैठकांची टिपणे असा तो संग्रह आहे. शेतकरी फोनवर प्रश्न सांगतात, केंद्रातील कर्मचारी तो जसाच्या तसा टाइप करतात आणि वर आलेल्या चार-पाच घडीपत्रिका पाहून उत्तर देतात. दोष असा की, नेमके उत्तर असलेली घडीपत्रिका संग्रहात असूनही ती वर येत नाही, आणि तिच्या जागी दुसऱ्याच विषयाची पाने येतात. एका पिकापुरता हा दोष दुरुस्त केला की तो गेला असे वाटते. पण खरीप संपून रब्बी आली की तो वेगळ्या पिकाच्या प्रश्नांत पुन्हा उभा राहतो. असा परतून येणारा दोष ज्यांच्या संग्रहात आहे, त्यांच्यासाठी आम्ही कोठे चुकलो आणि तो शेवटी कशाने आटोक्यात आला, ते येथे सविस्तर लिहितो. संग्रह शेतीचाच असला पाहिजे असे नाही. जेथे विचारणाऱ्याची भाषा आणि लिहिणाऱ्याची भाषा वेगळी आहे, तेथे हीच अडचण येते.

दोष ओळखण्यासाठी आमच्या लॉगमधले, म्हणजे आलेल्या प्रश्नांच्या नोंदीतले, तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला : “पऱ्हाटी पाणी झाल्यापासून मान टाकायली.” यावर आम्हाला ठिबक सिंचनाच्या घडीपत्रिका मिळाल्या, कारण यंत्राने ‘पाणी’ हा शब्द धरला. आपल्याकडे ‘पाणी झालं’ म्हणजे पाऊस झाला, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. दुसरा : “तुरीवर घाटेअळी आली.” यावर सगळी हरभऱ्याची पाने आली. तिसरा : “फवारलं तरी अळी मरंना.” यावर मर रोगाची पाने आली. तिन्ही प्रश्नांची उत्तरे संग्रहात होती.

कोणत्याही मोठ्या दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी अक्षरांची तपासणी करून घ्यावी, कारण बरेच अपयश तेथेच असते. ‘पऱ्हाटी’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलन्त जोडला जातो; दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द असतात, आणि युनिकोड या अक्षरसंकेताच्या प्रमाण सामान्यीकरणाने हे दोन प्रकार एक होत नाहीत. त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. ‘हरभऱ्यावर’, ‘शेतकऱ्याला’, ‘दुसऱ्या’ या सर्व शब्दांत हीच गाठ आहे, म्हणजे मराठीत ती टाळता येण्यासारखी नाही. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ यांचेही तसेच. देवनागरी आणि रोमन अंकही एकाच रूपात आणावेत, नाहीतर ‘बीडीएन ७११’ हे तुरीचे वाण अर्ध्या घडीपत्रिकांत सापडते आणि अर्ध्यांत सापडत नाही.

दुसरी तपासणी शब्दरूपांची. तूर, हरभरा, कापूस, ऊस आणि मूग यांची सामान्यरूपे तुरी-, हरभऱ्या-, कापसा-, उसा- आणि मुगा- अशी होतात, त्यामुळे केवळ शेवटचा प्रत्यय तोडून मूळ शब्द हाती लागत नाही. आम्ही सुरुवातीला सर्व शब्दांना सरसकट लागू होणारा, मूळ रूप काढणारा प्रोग्रॅम वापरला, आणि तिसऱ्या प्रश्नाचा घोटाळा त्यानेच केला. ‘मरंना’, ‘मरत नाही’, ‘मरतील का’ ही सगळी रूपे कापून त्याने ‘मर’ उरवले, आणि ‘मर’ हे तर एका बुरशीजन्य रोगाचे नाव. किडीच्या प्रश्नाला बुरशीचे उत्तर येण्याचे हे कारण होते. पिके, किडी, रोग आणि वाणे यांची नावे मोजकी असतात. त्यांच्या रूपांची यादी हाताने करावी आणि ‘मर’ हा शब्द सुटा असेल किंवा ‘मर रोग’, ‘आकस्मिक मर’, ‘मर लागली’ अशा जोडीत असेल तेव्हाच ते पिकाच्या व्याधीचे नाव मानावे, हा उपाय कंटाळवाणा असला तरी पक्का आहे.

या दोन दुरुस्त्यांनंतरही दोष परतला, आणि तो का परतला हे समजायला आम्हाला दोन हंगाम लागले. आम्ही प्रतिशब्दांची यादी केली होती. कापूस, कपाशी, पऱ्हाटी, सरकी हे एका ओळीत. घाटेअळी, शेंगा पोखरणारी अळी, हिरवी बोंडअळी हे दुसऱ्या ओळीत. वरवर पाहता ही यादी चुकीची नव्हती. हरभऱ्यावरची घाटेअळी, तुरीच्या शेंगा पोखरणारी हिरवी अळी आणि कापसावरची हिरवी बोंडअळी ही खरोखर एकाच किडीची तीन नावे आहेत. तिचे शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. पण यादीत शब्दापुढे शब्द ठेवला की तो सर्वत्र, सर्व प्रश्नांना, दोन्ही दिशांनी लागू होतो. ‘सरकीचा भाव’ विचारणाऱ्याला कापसाचा भाव दिसू लागला, ‘सरकी पेंड’ विचारणाऱ्याला कापसाची लागवड दिसू लागली. बीड आणि जालन्याकडचा शेतकरी ‘सरकी टोकली’ म्हणतो तेव्हा सरकी म्हणजे कापसाचे पीक असते, आणि बाजारात तीच सरकी म्हणजे बी असते. एक चूक काढण्यासाठी यादीतून शब्द काढला की दुसरा प्रश्न बिघडत असे. आम्ही दर हंगामात यादीत भर घालत होतो किंवा काटछाट करत होतो, आणि त्यालाच दुरुस्ती समजत होतो. दोष यादीतल्या एखाद्या ओळीत नव्हता. नाव आणि वस्तू यांची गल्लत करणे, हाच तो दोष होता.

ही गल्लत सोडवण्याचे साधन म्हणजे ऑन्टॉलॉजी. टॉम ग्रुबर यांनी १९९३ साली केलेली तिची व्याख्या या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. तिचा आशय असा की, एखाद्या विषयात आपण कोणत्या वस्तू मानतो आणि त्यांच्यात कोणते संबंध मानतो, हे स्पष्ट लिहून ठेवणे म्हणजे ऑन्टॉलॉजी. आमच्या कामापुरते सांगायचे तर, प्रत्येक पीक, कीड, रोग, विकृती (रोगजंतूंविना झाडात होणारा बिघाड), वाण आणि उपाय यांना एकेक क्रमांक दिला, नावे त्या क्रमांकाला चिकटवली आणि क्रमांकाक्रमांकांत संबंध लिहिले. नावांसाठी स्कॉस हा वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचा नमुना उपयोगी पडतो. तो २००९ साली शिफारस म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात एका संकल्पनेला एका भाषेत एकच मुख्य नाव असते, पर्यायी नावे हवी तितकी असतात, आणि तिसरा एक प्रकार असतो, तो म्हणजे लपवलेली नावे. शोधताना ती जुळतात, पण वाचकाला दाखवली जात नाहीत. टाइप करताना होणाऱ्या चुका आणि फोनवर ऐकून लिहिलेली वेडीवाकडी रूपे ठेवायला ही जागा नेमकी आहे. संकल्पनांची पहिली घडण करताना अन्न व कृषी संघटनेचा ॲग्रोव्होक हा बहुभाषी कोश समोर ठेवावा, म्हणजे किडींची शास्त्रीय नावे आणि वर्गवारी नव्याने रचावी लागत नाही. आपल्या गावच्या नावांची भर मात्र आपल्यालाच घालावी लागते, आणि ती कार्यालयात बसून होत नाही. ‘हुमणी’ या किडीला ‘उन्नी’ म्हणतात हे आम्हाला फोन करणाऱ्यांनीच शिकवले.

येथे एक अडचण येते, जी आमच्या पहिल्या आराखड्यात आम्हाला दिसली नाही. ‘घाटेअळी’ हे नाव हेलिकोव्हर्पाला सरळ चिकटवले, तर ते नाव हरभऱ्याच्या घाट्यावरून (शेंगेवरून) आले आहे ही माहिती हरवते. म्हणून आम्ही ‘प्रादुर्भाव’ ही स्वतंत्र संकल्पना केली. हरभऱ्यावरील हेलिकोव्हर्पाचा प्रादुर्भाव, तुरीवरील प्रादुर्भाव आणि कापसावरील प्रादुर्भाव हे तीन वेगळे क्रमांक झाले. प्रत्येकाला ‘कोणाचा’ या संबंधाने कीड जोडली, ‘कशावर’ या संबंधाने पीक जोडले, आणि गावातले नाव प्रादुर्भावाला दिले. घडीपत्रिकांवरही आम्ही याच क्रमांकाची खूण केली. आता “तुरीवर घाटेअळी आली” या प्रश्नाचे काय होते ते पाहा. ‘घाटेअळी’ या नावावरून यंत्र हरभऱ्याच्या प्रादुर्भावावर पोहोचते, तेथून ‘कोणाचा’ या संबंधाने हेलिकोव्हर्पावर जाते. प्रश्नात पीक तूर आहे हे पाहून हेलिकोव्हर्पाचाच पण तुरीवरचा प्रादुर्भाव शोधते, आणि ‘शेंगा पोखरणारी अळी’ ही घडीपत्रिका वर येते, जिच्यात ‘घाटेअळी’ हा शब्द एकदाही नाही. नियम असा ठेवला की, नावात दडलेल्या पिकापेक्षा प्रश्नात उघड सांगितलेले पीक मोठे मानावे. प्रश्नात दोन पिके असतील, उदाहरणार्थ हरभऱ्यातली अळी तुरीवर जाते का, तर दोन्ही प्रादुर्भाव ठेवावेत.

जाता जाता एक सूक्ष्म बाब नोंदवतो. तुरीच्या घडीपत्रिकांत ‘शेंगा पोखरणाऱ्या अळ्या’ असे अनेकवचन आले की त्यात हेलिकोव्हर्पाबरोबर पिसारी पतंग आणि शेंगमाशी याही किडी धरलेल्या असतात. म्हणजे एकवचन आणि अनेकवचन यांचा अर्थ वेगळा आहे, आणि वचन कापून टाकणारा प्रोग्रॅम तो अर्थच कापून टाकतो. ‘बोंडअळी’चेही तसेच आहे : हिरवी, ठिपक्यांची आणि गुलाबी या तिन्ही वेगळ्या किडी असून बोंडाला लागतात म्हणून त्यांना एक नाव मिळाले आहे. नुसते ‘बोंडअळी’ विचारले तर तिन्ही दाखवावीत. ‘गुलाबी’ विचारले तर बाकीच्या दोन येता कामा नयेत. त्यासाठी नावांची जुळणी करताना सर्वांत लांब नाव आधी तपासावे. मक्यावरची ‘अमेरिकन लष्करी अळी’ भारतात २०१८ साली प्रथम आढळली, आणि तिच्या नावात ‘लष्करी अळी’ हे जुने नाव जसेच्या तसे आहे. लांब नाव आधी तपासले नाही तर दोन किडींची सरमिसळ होते.

आता प्रश्नाच्या विश्लेषणाकडे येतो, कारण माझ्या मते खरी दुरुस्ती येथेच झाली. प्रश्नांच्या वर्गीकरणावर झिन ली आणि डॅन रॉथ यांचे २००२ सालचे काम प्रसिद्ध आहे. त्यात ६ मुख्य आणि ५० उपवर्ग आहेत. व्यक्ती, स्थळ, संख्या, वर्णन अशी ती विभागणी इंग्रजीतील माहितीपर प्रश्नांसाठी उत्तम आहे, पण आमच्या लॉगमध्ये ती टिकली नाही, कारण शेतकऱ्याच्या प्रश्नात बहुतेक वेळा प्रश्नार्थक शब्दच नसतो. “तुरीला फुलगळ” एवढेच तो सांगतो. कोण, कोठे, किती यांपैकी काहीच त्यात नाही. तरी त्याला कारण आणि उपाय हवे आहेत हे केंद्रातल्या कोणालाही कळते. ते कसे कळते, तर तूर हे पीक आहे आणि फुलगळ हे लक्षण आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते म्हणून. म्हणजे प्रश्नाचा प्रकार शब्दांवरून नव्हे, तर प्रश्नात कोणत्या जातीच्या संकल्पना आल्या यावरून ठरवावा लागतो. पीक आणि लक्षण असेल तर निदान हवे आहे. पीक आणि कीड असेल आणि दुसरे काही नसेल तर ओळख आणि नियंत्रण दोन्ही हवे. औषधाचे नाव आणि पीक असेल तर बहुधा प्रमाण हवे. वाण आणि पीक असेल तर पेरणीआधीचा प्रश्न आहे. हे नियम आम्ही लॉगमधले प्रश्न वाचून लिहिले आणि ते पानभरसुद्धा नाहीत.

प्रश्नाचा प्रकार कळला की कोणता संबंध ओलांडायचा आणि कोणता नाही हे ठरवता येते. हेलिकोव्हर्पाचा जीवनक्रम विचारला, किंवा कामगंध सापळे विचारले, तर तूर, हरभरा आणि कापूस या तिन्हींची पाने चालतात, कारण सापळ्यातली ल्युअर (पतंगांना ओढणारी गंधगोळी) किडीची असते, पिकाची नसते. तीच ल्युअर गुलाबी बोंडअळीला चालत नाही, कारण ती कीडच वेगळी. फवारणीचे औषध विचारले तर मात्र पिकाची सीमा ओलांडता येत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली औषधाची नोंदणी होते तेव्हा कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी आणि किती प्रमाणात हे लेबलवर ठरवून दिलेले असते. कीड एकच आहे म्हणून कापसाचे औषध हरभऱ्याला सांगणे चूक आहे, आणि हरभरा तर लोक हिरवाही खातात. आमच्या जुन्या प्रतिशब्द-यादीने नेमके हेच केले होते. तिने ‘घाटेअळी औषध’ या प्रश्नावर कापसाची फवारणी वर आणली, आणि केंद्रातल्या मुलीने पिकाचे नाव वाचून ते पान बाजूला ठेवले म्हणून चुकीचा सल्ला गेला नाही. तो दिवस माझ्या लक्षात राहिला. शोधाची व्याप्ती वाढवणे म्हणजे सुधारणा असे मी तोवर धरून चाललो होतो. कोणत्या प्रश्नाला ती वाढवू नये हे आधी ठरवले पाहिजे, हे त्या दिवशी कळले.

पहिल्या प्रश्नाकडे परत जाऊ : “पऱ्हाटी पाणी झाल्यापासून मान टाकायली.” ‘पऱ्हाटी’ म्हणजे कापूस. ‘मान टाकणे’ हे ‘झाड कोमेजणे’ या लक्षणाचे गावातले नाव म्हणून नोंदवले. ‘टाकायली’ हे आपल्याकडचे चालू काळाचे रूप. प्रमाण मराठीतल्या ‘टाकायला’ या हेतुदर्शक रूपाशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून ‘-आयला, -आयली, -आयलं, -आयलेत’ या रूपांना वेगळा नियम दिला. ‘पाणी’पुढे ‘होणे’ किंवा ‘पडणे’ आले की पाऊस, ‘देणे’ किंवा ‘सोडणे’ आले की सिंचन. आता प्रश्न असा उरला : पीक कापूस, लक्षण कोमेजणे, आधीची घटना पाऊस. ऑन्टॉलॉजीत कापसाच्या कोमेजण्याला दोन कारणे जोडलेली आहेत. एक बुरशीजन्य मर, आणि दुसरी आकस्मिक मर. पावसाच्या मोठ्या खंडानंतर जोराचा पाऊस होऊन भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की होणारी ही विकृती आहे, रोग नव्हे. ‘आधीची घटना पाऊस’ हा संबंध केवळ दुसऱ्या कारणाला असल्यामुळे तेच पान वर येते. हा फरक नुसता नावाचा नाही. हरभऱ्याला ‘मर’ विचारली तर जमिनीतली बुरशी, बीजप्रक्रिया आणि प्रतिकारक्षम वाण यांची माहिती द्यायची, जिचा मुख्य उपयोग पुढच्या पेरणीला आहे. कापसाला ‘आकस्मिक मर’ असेल तर साचलेले पाणी काढून देणे आणि बुडाशी आळवणी करणे (द्रावण ओतणे) हे काम लगेच, एक-दोन दिवसांत करायचे असते. फोन करणारा शेतकरी बांधावर उभा राहून बोलत असतो. त्याला ठिबकचे अनुदान सांगणे म्हणजे त्याचा तो दिवस वाया घालवणे आहे.

प्रश्नात पीकच नसेल तर काय करावे? ‘तांबेरा आलाय’ एवढेच आले, तर सोयाबीनचा तांबेरा आणि गव्हाचा तांबेरा या वेगवेगळ्या बुरशी आहेत. हंगामावरून अंदाज बांधण्याचा मोह होतो, आम्हीही तो काही काळ केला, पण आता यंत्र उलट विचारते : “कोणत्या पिकावर?” फोनवर माणूस समोर असताना एक शब्द विचारून घेणे हे अंदाजापेक्षा केव्हाही चांगले.

काही प्रश्नांत उत्तराच्या पानावर प्रश्नातला एकही शब्द नसतो, आणि तेथे ऑन्टॉलॉजीची खरी किंमत कळते. तुरीचा वांझ रोग हा विषाणूमुळे होतो आणि तो कोळी ही सूक्ष्म कीड पसरवते. सोयाबीनचा पिवळा मोझॅक पांढरी माशी पसरवते. ‘तूर वांझ झाली’ या प्रश्नाला कोळ्यांच्या नियंत्रणाचे पानही दाखवले पाहिजे, पण त्या पानावर ‘वांझ’ हा शब्द असेलच असे नाही. यासाठी रोगापासून वाहकापर्यंत आणि वाहकापासून त्याच्या नियंत्रणापर्यंत अशी संबंधांची साखळी लिहून ठेवता येते. ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या ओडब्ल्यूएल या भाषेच्या २००९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून अशी साखळी हा एकच संबंध म्हणून जाहीर करण्याची सोय आहे, आणि प्रोटेजे या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती लिहिता येते. साखळी दोन कड्यांपेक्षा लांब जाऊ देऊ नये. आम्ही एकदा तिसरी कडी जोडली, तेव्हा पांढऱ्या माशीवरून ती जेथे जेथे जाते त्या सर्व पिकांवर शोध पसरला. तसेच, स्कॉसमधला ‘व्यापक’ हा संबंध (एक संकल्पना दुसरीपेक्षा व्यापक असणे) एका कडीवरून पुढच्या कडीवर आपोआप पुढे पुढे लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपला प्रोग्रॅम तो तसा लावत असेल तर ती प्रोग्रॅमची मर्जी आहे, मानकाची नव्हे.

आता क्रमवारीतला एक सापळा, ज्यात बहुतेक जण अडकतात. प्रश्नात पर्यायी नावे वाढवली की शोधयंत्र प्रत्येक नावाला स्वतंत्र शब्द समजते, आणि जो शब्द संग्रहात दुर्मीळ असतो त्याला जास्त वजन देते. त्यामुळे ‘कापूस’ विचारल्यावर ज्या एखाद्या बैठकीच्या टिपणात ‘पऱ्हाटी’ हा दुर्मीळ शब्द आला आहे, ते टिपण सगळ्या घडीपत्रिकांना मागे टाकून वर बसते. निकालात विचित्र पाने वर दिसू लागली तर हे कारण आधी तपासावे. उपाय असा की, प्रत्येक पानाला इंडेक्स करतानाच (शोधासाठी नोंदवतानाच) संकल्पनांचे क्रमांक जोडावेत, प्रश्नातल्या नावांचेही क्रमांक करावेत, आणि क्रमांकाशी क्रमांक जुळवावा. मग एका वस्तूची चार नावे असली तरी वजन एकदाच मोजले जाते. शब्दांचा साधा शोध बंद करू नये. तो कमी वजनाने चालू ठेवावा, कारण ऑन्टॉलॉजीत नसलेले शब्द रोज येतात आणि ते रिकाम्या हाताने परत जाता कामा नयेत.

दुरुस्ती खरोखर झाली की नाही, हे मनाने ठरवू नये. लॉगमधून खऱ्या प्रश्नांचा एक संच काढून प्रत्येकाची योग्य पाने पिकाच्या जाणकार माणसाकडून ठरवून घ्यावीत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती ठरवू नयेत. संचात खरिपाचे आणि रब्बीचे दोन्ही प्रश्न असावेत. आमचा पहिला संच जुलै-ऑगस्टमधला होता, त्यात हरभऱ्याचा एकही प्रश्न नव्हता, आणि दोष दर रब्बीत का परतत होता याचे निम्मे उत्तर त्यातच होते. प्रत्येक बदलानंतर दोन गोष्टी मोजाव्यात : योग्य पानांपैकी किती आली, आणि आलेल्या पानांपैकी किती योग्य होती. दुसरा आकडा घसरत असेल तर ऑन्टॉलॉजीतले संबंध एकेक करून बंद करून पाहावेत. आम्ही असे केले तेव्हा ‘एकाच कुळातील वनस्पती’ हा संबंध निव्वळ गोंधळ करत होता असे दिसले. तो शास्त्रदृष्ट्या खरा होता, पण कोणत्याच प्रश्नाला उपयोगी नव्हता, म्हणून तो काढून टाकला.

स्थळांची आणि संस्थांची नावे यांची दुरुस्ती सोपी आहे, पण ती विसरली जाते. २०२३ पूर्वीच्या सल्ल्यांत औरंगाबाद आणि उस्मानाबाद आहे, नंतरच्यांत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले आणि २०१३ साली त्याला वसंतराव नाईक यांचे नाव मिळाले. म्हणून जुन्या घडीपत्रिकांवर ‘मकृवि’ आणि नव्यांवर ‘वनामकृवि’ दिसते. येथे जुने नाव पर्यायी नाव म्हणून ठेवले की काम भागते, कारण वस्तू खरोखर एकच आहे.

लॉग दर पंधरा दिवसांनी वाचावा आणि ज्या शब्दाला एकही संकल्पना मिळाली नाही त्याची नोंद करावी. मागच्या खेपेला ‘हायब्रीड’ हा शब्द त्यात निघाला. “हायब्रीडला दाणे भरंनात” असा प्रश्न होता आणि यंत्राने संकरित कापसाच्या बियाण्याची पाने दाखवली होती. आपल्याकडे हायब्रीड म्हणजे खरिपाची संकरित ज्वारी, हे परभणीच्या एका वयस्कर शेतकऱ्याने फोनवर समजावून सांगितले. आता प्रश्नात दुसरे पीक असेल तर ‘हायब्रीड’ हे वाणाचे विशेषण धरायचे, आणि दुसरे पीक नसेल तर खरीप ज्वारी धरायची, असा नियम घातला आहे. येत्या पेरणीच्या वेळी ‘हायब्रीड बियाणं’ असे प्रश्न येऊ लागतील तेव्हा तो पुन्हा तपासायचा आहे.